अर्धवट आठवणारा जुना युद्धपट सापडत नाही? शोध कुठे अडतो आणि तो कसा सोडवायचा

पूल होता, शेवटी उडवला. थोडा बर्फ आठवतो. कैदी पळत होते. एवढ्या सामग्रीवर शोध सुरू होतो आणि त्याच चार-पाच गाजलेल्या सिनेमांवर येऊन थांबतो. ते सगळे पाहिलेले असतात आणि 'तो' त्यांत नसतो. काही महिन्यांनी पुन्हा तोच शोध, पुन्हा तीच यादी.

असं होण्याचं मुख्य कारण म्हणजे सगळ्यात ठळक आठवणारा प्रसंग शोधासाठी बहुधा सगळ्यात निरुपयोगी असतो. स्फोट, हल्ला, पलायन, मित्राचा मृत्यू हे तर शेकडो युद्धपटांत आहे. दुसरं कारण असं की आठवण अनेकदा एका सिनेमाची नसतेच, दोन सिनेमे एकमेकांत मिसळलेले असतात. अशा जोडसिनेमाचा शोध कितीही घेतला तरी तो सापडणार नाही, कारण तो कुणी काढलेलाच नाही.

आधी लिहा, मग शोधा

पोस्टर, ट्रेलर किंवा यादी बघण्याआधी आठवतंय ते सगळं कागदावर उतरवा. हा टप्पा टाळला की पुढचं सगळं बिघडतं. दहा ट्रेलर पाहिल्यावर मूळ आठवण कुठली आणि आत्ता पाहिलेलं दृश्य कुठलं हे वेगळं काढता येत नाही.

तीन रकाने पुरतात: पक्कं, बहुधा, अंदाज. 'पक्कं'मध्ये फक्त डोळ्यांसमोर दिसणारं किंवा कानात ऐकू येणारं लिहा. "जर्मन सैनिक होते" हा निष्कर्ष झाला. "कानांवर उतरणारं हेल्मेट होतं" हे निरीक्षण. निष्कर्ष चुकतात, निरीक्षणं सहसा टिकतात.

त्याखाली सिनेमा कधी, कुठे आणि कोणत्या भाषेत पाहिला ते लिहा. पाहिल्याचं वर्ष ही वरची मर्यादा आहे, सिनेमा त्यानंतरचा असूच शकत नाही. खालची मर्यादा मात्र सैल ठेवा. टीव्हीवर वीस-तीस वर्षं जुने सिनेमे सर्रास लागत. १९८८ साली पाहिलेला सिनेमा १९५५चा असू शकतो, आणि नेमका हाच भाग लोक शोधातून वगळतात.

रंगावर फार विसंबू नका. कृष्णधवल टीव्हीवर पाहिला असेल तर "ब्लॅक अँड व्हाइट होता" या आठवणीला काही किंमत नाही. उलटंही घडतं. 'द लाँगेस्ट डे' (१९६२) मूळ कृष्णधवल, पण त्याची रंगवलेली आवृत्ती नंतर निघाली. देव आनंदची दुहेरी भूमिका असलेला 'हम दोनो' १९६१चा कृष्णधवल सिनेमा, तो २०११ साली रंगीत होऊन पुन्हा प्रदर्शित झाला. रंगाची आठवण 'बहुधा'च्या रकान्यात टाका आणि पुढे चला.

कोणत्या तपशिलाला किती वजन

पाणबुडीत सगळे श्वास रोखून उभे आहेत, वर शत्रूचं जहाज घिरट्या घालतंय, कपाळावर घाम. हे दृश्य जवळजवळ प्रत्येक पाणबुडीपटात आहे, त्यामुळे त्यावर शोधून काही हाती लागत नाही. पण वरून स्फोटकं पडत असताना खलाशी ग्रामोफोनवर तबकडी लावून तिच्यासोबत गात असतील, तर एकदम 'द एनिमी बिलो'पर्यंत (१९५७) पोचता येतं. त्यात अमेरिकन जहाज आणि जर्मन पाणबुडी, दोघांचेही कप्तान जवळून दिसतात.

कैद्यांच्या छावणीत फितूर आहे, एवढ्यावर भागत नाही. बराकीतल्या दिव्याच्या लोंबत्या वायरला मारलेली गाठ हीच खूण, आणि बुद्धिबळातला पोकळ वजीर ही चिठ्ठी ठेवायची जागा, असं आठवत असेल तर तो 'स्टॅलाग १७' (१९५३).

आवाजाच्या आठवणींना आम्ही सगळ्यात जास्त वजन देतो. वर्षानुवर्षं सिनेमाचं नाव न सापडलेल्या माणसालाही एखादा आवाज नेमका आठवत असतो. 'द लाँगेस्ट डे'मध्ये छत्रीधारी अमेरिकन सैनिकांना धातूचं छोटं टिकटिकं दिलेलं असतं. अंधारात कुणाची चाहूल लागली की एकदा वाजवायचं, समोरचा आपला असेल तर तो दोनदा वाजवून उत्तर देईल. एक सैनिक वाजवतो: टिक. समोरून उत्तर येतं: टिक-टिक. तो निर्धास्त होऊन पुढे येतो आणि गोळी खातो. ते दोन आवाज जर्मन रायफलचा बोल्ट मागेपुढे ओढल्याचे होते. "खेळण्यासारखा आवाज आणि मग गोळी" एवढंच कुणी सांगितलं तरी सिनेमा ओळखता येतो. त्याच्या नावातला तो 'मोठा दिवस' आणि नॉर्मंडीचं किनाऱ्यावरचं उतरणं मात्र इतर अनेक सिनेमांत आहे.

म्हणून 'पक्कं'च्या रकान्यातून दोनच गोष्टी निवडा: दुसऱ्या कुठल्याही सिनेमात असणार नाही असं वाटणारी एखादी वस्तू किंवा कृती, आणि एखादा आवाज किंवा धून.

युद्ध कोणतं, आघाडी कोणती

हे ठरलं की यादी निम्म्याहून कमी होते. गणवेशाचा रंग आठवणीत फिका पडतो, हेल्मेटचा आकार टिकतो. पसरट थाळीसारखं, रुंद कडेचं हेल्मेट ब्रिटिश. ते पहिल्या महायुद्धातही होतं आणि दुसऱ्यातही, त्यामुळे एकट्या त्यावरून युद्ध ठरवू नका. माथ्यावर टोकदार खिळा असलेलं शिरस्त्राण म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीचे जर्मन. माथ्यावर मधोमध उभी पट्टी असेल तर फ्रेंच. कान आणि मान झाकणारं जर्मन, आणि गोलसर भांड्यासारखं अमेरिकन.

हेलिकॉप्टर आठवत असेल तर दुसरं महायुद्ध जवळपास बाद. पुढचा भाग काचेच्या फुग्यासारखा असलेलं छोटं हेलिकॉप्टर कोरियन युद्धाकडे नेतं. उघड्या दारांतून सैनिक उतरवणारी मोठी हेलिकॉप्टरं आणि घनदाट हिरवळ असेल तर व्हिएतनाम.

रणगाडे फसवतात, पण कामालाही येतात

जुन्या सिनेमांतले 'जर्मन' रणगाडे बहुतेक वेळा जर्मन नसतात. खरे रणगाडे फारसे उरलेच नव्हते, त्यामुळे जिथे चित्रीकरण झालं तिथल्या सैन्याकडे जे होतं ते रंगवून उभं केलं. गोष्टीतला देश ठरवायला याचा उपयोग नाही, पण सिनेमा कुठे आणि साधारण कधी चित्रित झाला ते यावरून कळतं.

'बॅटल ऑफ द बल्ज' (१९६५) स्पेनमध्ये चित्रित झाला. त्यातले जर्मन किंग टायगर रणगाडे म्हणजे अमेरिकन एम-४७ पॅटन. 'केलीज हीरोज' (१९७०) युगोस्लाव्हियात झाला, तिथले टायगर रशियन टी-३४वर पत्रे चढवून तयार केलेले. ओळखायचं चाकांवरून: खऱ्या टायगरची चाकं एकमेकांवर चढलेली, माशाच्या खवल्यांसारखी दिसतात. टी-३४ची पाच मोठी चाकं सुटीसुटी असतात. पॅटनच्या पट्ट्याच्या वरच्या भागाखाली लहान रोलर दिसतात. 'अ ब्रिज टू फार'मध्ये (१९७७) जर्मन रणगाड्यांची भूमिका चक्क युद्धानंतर बनलेल्या लेपर्डनी केली.

'बॅटल ऑफ द बल्ज' हा सिनेमा हमखास चुकीने बाद केला जातो. खरी लढाई १९४४च्या हिवाळ्यात आर्देनच्या बर्फाळ जंगलात झाली. सिनेमातली शेवटची रणगाड्यांची झुंज मात्र कोरड्या, तपकिरी माळरानावर आहे. ज्याला तो माळ आठवतो तो "बर्फ नव्हता, म्हणजे बल्ज नाही" म्हणून हाच सिनेमा यादीतून काढतो. ज्ञात इतिहासावरून आठवण खोडू नका, सिनेमा इतिहासाला धरून असेलच असं नाही.

विमानांचंही तसंच. 'टोरा! टोरा! टोरा!'मधली (१९७०) जपानी झीरो ही अमेरिकन टेक्सन प्रशिक्षण विमानांना रूप देऊन बनवलेली. 'बॅटल ऑफ ब्रिटन'मधली (१९६९) जर्मन मेसरश्मिट विमानं स्पॅनिश बनावटीची, त्यांत ब्रिटिश मर्लिन इंजिन. नाकाच्या वरच्या बाजूला एक्झॉस्टच्या नळ्यांची रांग दिसली तर तीच.

जहाजांच्या बाबतीत 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट'चं (१९५६) उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे. ग्राफ स्पे या जर्मन युद्धनौकेच्या जागी त्यात अमेरिकन क्रूझर आहे. ब्रिटिश अकिलीस मात्र खरीखुरी तीच, कारण ती तोवर भारतीय नौदलात आयएनएस दिल्ली म्हणून दाखल झालेली होती.

एकाच आठवणीत दोन सिनेमे

वरचं सगळं करूनही सिनेमा सापडत नसेल तर आठवण दोन सिनेमांची आहे असं धरून चाला. लिहिलेले तपशील दोन गटांत विभागा (बर्फातले एका बाजूला, वाळूतले दुसऱ्या, कृष्णधवल वाटणारे इथे, रंगीत तिथे) आणि प्रत्येक गट स्वतंत्रपणे शोधा.

ठरावीक जोड्या वारंवार समोर येतात. भुयार खणून पळणारे कैदी: 'द वुडन हॉर्स' (१९५०) आणि 'द ग्रेट एस्केप' (१९६३). ही सरमिसळ साहजिकच आहे, कारण दोन्ही प्रसंग स्टॅलाग लुफ्ट ३ या एकाच जर्मन छावणीत खरोखर घडले. मैदानात व्यायामासाठी उडी मारायचा लाकडी घोडा, आणि त्याच्या पोटात बसून खणणारा माणूस असेल तर पहिला. त्यात तिघं पळतात आणि तिघंही सुटतात. टॉम, डिक, हॅरी अशी भुयारांची नावं, काटेरी तारेवरून मोटारसायकलची उडी आणि शेवटी पकडलेल्यांची हत्या असेल तर दुसरा.

'६३३ स्क्वाड्रन' (१९६४) आणि 'मॉस्किटो स्क्वाड्रन' (१९६९) यांच्या बाबतीत तर आठवणीचा दोष नाहीच. दुसऱ्यात पहिल्यातली हवाई दृश्यं चक्क पुन्हा वापरली आहेत. नॉर्वेतला फ्योर्ड (डोंगरांमध्ये घुसलेली चिंचोळी खाडी) आणि कड्याखालचा कारखाना असेल तर पहिला. फ्रान्समधला वाडा, त्यात ठेवलेले युद्धकैदी आणि उसळत जाणारे बॉम्ब असतील तर दुसरा. उसळते बॉम्ब पाण्यावरून धरणावर आदळत असतील तर ते दोन्ही सोडा आणि 'द डॅम बस्टर्स'कडे (१९५५) वळा. 'मिडवे'तही (१९७६) 'टोरा! टोरा! टोरा!'ची दृश्यं आहेत. "हे दृश्य मी दुसऱ्या सिनेमात पाहिलंय" असं वाटत असेल तर खरोखर पाहिलेलं असू शकतं.

सगळ्यात मोठा गोंधळ पुलांचा, म्हणून तो नीट सोडवू.

जंगल, रेल्वे, लाकडी पूल, आणि सकाळी नदीचं पाणी ओसरल्यावर वाळूत उघडी पडलेली स्फोटकांची वायर दिसत असेल तर 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७). गोष्ट थायलंड-बर्मा रेल्वेची, चित्रीकरण श्रीलंकेतलं.

पूल स्फोटाने उचलला जातो आणि पुन्हा खाली टेकतो, पडत नाही, नदी ऱ्हाइन. हा 'द ब्रिज अॅट रेमॅगन' (१९६९).

शाळकरी वयाची जर्मन मुलं निरुपयोगी झालेला पूल लढवत मरतात, शेवटी एकच उरतो, आणि सगळं कृष्णधवल. हा जर्मन 'डी ब्र्युके' (१९५९). नावाचा अर्थ नुसता 'पूल', त्यामुळे शोधताना दिग्दर्शक बर्नहार्ड विकीचं नाव जोडल्याशिवाय तो वर येत नाही.

दरीवरचा उंच, कमानींचा काँक्रीटचा पूल असेल तर इथे थांबा. तारा नदीवरचा हा खरा पूल दोन सिनेमांत आहे. ज्या इंजिनिअरने पूल बांधला त्यालाच तो उडवायला नेलं जात असेल तर युगोस्लाव्ह 'मोस्त' (१९६९). वरचं धरण फोडून पुराच्या लोंढ्याने पूल पाडला असेल तर 'फोर्स टेन फ्रॉम नॅव्हरोन' (१९७८). यांतला एक पाहिलेला माणूस दुसऱ्याचा ट्रेलर बघून "हाच तो" म्हणतो आणि सिनेमा पाहून निराश होतो. पूल तोच असतो, सिनेमा वेगळा.

नाव बदललं की सिनेमा हरवतो

ब्रिटिश युद्धपट अमेरिकेत अनेकदा वेगळ्या नावाने लागले. 'आइस कोल्ड इन अॅलेक्स' (१९५८) तिथे 'डेझर्ट अटॅक' झाला आणि त्याला बरीच कात्रीही लागली. वाळूच्या चढावर रुग्णवाहिका मागच्या बाजूने, हँडल फिरवत वर चढवतात तोच हा. 'सी ऑफ सँड' (१९५८) तिकडे 'डेझर्ट पेट्रोल' म्हणून गेला. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या इटालियन युद्धपटांचं तर प्रत्येक देशात वेगळं बारसं. १९७८चा 'द इनग्लोरियस बास्टर्ड्स' इटालियनमध्ये एका शापित चिलखती रेल्वेच्या नावाने आहे. ओठांची हालचाल संवादांशी जुळत नव्हती असं आठवत असेल तर आधी इटालियन सिनेमे तपासा.

आयएमडीबीवर (सिनेमांच्या माहितीचं संकेतस्थळ) प्रत्येक सिनेमाच्या पानावर 'ऑल्सो नोन अॅज' हा भाग असतो, देशानुसार सगळी नावं तिथे मिळतात. उलट, एकाच नावाचे दोन सिनेमे असतात तेव्हा वर्ष तपासा: 'हिंदुस्तान की कसम' १९७३चाही आहे आणि १९९९चाही, आणि गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत.

शोधताना

शोध इंग्रजीत करा, कारण जुन्या सिनेमांची कथासारं बहुतेक इंग्रजीतच आहेत. गाजलेली नावं सारखी वर येत असतील तर प्रत्येक नावातला खास शब्द वजा चिन्ह लावून वगळा. चिन्ह आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. एवढ्याने अनेक अडलेले शोध सुटतात. 'पुलाचा युद्धपट' लिहून क्वाय आणि आर्नहेम ('अ ब्रिज टू फार'मधला पूल) वगळलं की पुढची पाच-सहा नावं प्रथमच दिसतात.

आयएमडीबीच्या प्रगत शोधात प्रकार 'वॉर' ठेवा, वर्षांची चौकट तुमच्या वरच्या मर्यादेपासून मागे तीस वर्षं घ्या आणि कीवर्डमध्ये एकच विचित्र गोष्ट टाका. तीन कीवर्ड एकदम टाकले तर निकाल शून्य येतो, कारण जुन्या सिनेमांना कीवर्ड अपुरे जोडलेले असतात. शून्य निकाल आला म्हणून सिनेमा नाही असं समजू नका, एक अट काढा.

बंदूक, गाडी किंवा विमान नीट आठवत असेल तर त्यांचे वेगळे साठे आहेत: इंटरनेट मूव्ही फायरआर्म्स डेटाबेस, इंटरनेट मूव्ही कार्स डेटाबेस, इंटरनेट मूव्ही प्लेन डेटाबेस. यंत्राचं पान उघडलं की ते कुठल्या सिनेमांत दिसलं याची यादी आणि त्या दृश्यांची स्थिरचित्रं मिळतात. दुर्मिळ यंत्र असेल तर यादी लहान आणि काम सोपं.

धून आठवत असेल तर गूगलच्या अॅपमध्ये दहा-पंधरा सेकंद गुणगुणा किंवा शीळ घाला. मात्र धून सापडली म्हणजे सिनेमा सापडला असं नाही. क्वायमधली शीळ 'कर्नल बोगी मार्च'ची आहे आणि ती धून १९१४ची, म्हणजे सिनेमाच्या चाळीसहून अधिक वर्षं आधीची.

एआय चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, पण तो तुमच्या तपशिलांना जुळेल असं कथानक भलत्याच सिनेमाला बिनदिक्कत चिकटवतो. त्याने दिलेलं नाव घ्या, त्याने सांगितलेली गोष्ट घेऊ नका, ती दुसरीकडे तपासा.

यातलं काहीच जमलं नाही तर तो सिनेमा नसून मालिकेचा भाग असेल. वाळवंटात टेकाडांवरून उड्या मारणाऱ्या दोन जीप आणि चार सैनिक म्हणजे 'द रॅट पेट्रोल' (१९६६ ते १९६८). 'दास बूट' (१९८१) सिनेमा म्हणूनही आहे आणि लांबवलेली मालिका म्हणूनही. मालिकेत पाहिलेला एखादा प्रसंग सिनेमात नसेल तर चूक तुमची नाही.

"हाच तो" म्हणण्याआधी

कागद पुन्हा काढा. सापडलेल्या सिनेमात 'पक्कं'च्या रकान्यातली किमान एक विचित्र गोष्ट दिसलीच पाहिजे. वातावरण जुळतं, चेहरे ओळखीचे वाटतात, हा पुरावा नव्हे. एकाच कथेवर अनेक सिनेमे असतील तर शेवट तपासा. 'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट' तीनदा झाला: १९३०, १९७९ आणि २०२२. खंदकाबाहेर बसलेल्या फुलपाखराकडे हात लांबतो, बोटं पोचायच्या आत गोळीचा आवाज होतो, हात दचकतो आणि सैल पडतो, हा १९३०चा. फुलपाखराऐवजी पक्षी आठवत असेल तर १९७९चा. युद्धबंदीला काही मिनिटं उरलेली असताना संगीन लागून नायक मरत असेल तर २०२२चा.

पूर्ण सिनेमा मिळवण्याआधी फक्त तो एक प्रसंग बघा. तो नसेल तर आवृत्तीची लांबी तपासा. टीव्हीसाठी कापलेली प्रत आणि मूळ प्रत यांत वीस-तीस मिनिटांचा फरक असू शकतो आणि तुमचा प्रसंग नेमका त्यातच असेल. लांब आवृत्तीतही तो नसेल तर या सिनेमाच्या नावापुढे फुली मारा आणि तो प्रसंग दुसऱ्या गटात टाकून नव्याने शोधा.